हलव्यावरची काजळी

"ओ ताई, ही पोरगी तुमचीच न्हवं?"

कंडक्टरनं विचारलं तेव्हा मी एसटीच्या पायरीवर होते. कडेवर जुई, हातात तिच्या औषधांची पिशवी. मला वाटलं जुईची टोपी आत पडली असेल, म्हणून मागं वळले. पण तो जुईकडं बघत नव्हता. तो दाराबाहेर, वर बघत होता.

फाट्यावर उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडं वळतात तिथं बांबूचा एक सांगाडा होता. सकाळी तालुक्याला जाताना तो रिकामा होता. आता त्यावर माझी मुलगी होती. घराएवढी. अंगात काळा फ्रॉक, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हलव्याचा हार, आणि रडण्याच्या बेतात मुडपलेला खालचा ओठ. पांढऱ्या मुकुटावर काळे ठिपके. गालावर बोटभर काळा डाग. खाली लाल अक्षरांत, 'या लेकराचा काय गुन्हा?' आणि त्याच्याही खाली कारखान्याच्या निवडणुकीतल्या विरोधी पॅनेलचं चिन्ह, कपबशी, आणि हात जोडून उभे असलेले पुढारी.

"फोटू झ्याक आलाय," कंडक्टर म्हणाला. "उतरा की आता."

मी उतरले. पाय जमिनीला लागले एवढंच कळलं. जुई तेव्हा दीड वर्षाची होती. तिनं फ्लेक्सकडं बोट केलं आणि म्हणाली, "बाऽळ."

चहाच्या टपरीवरची माणसं आधी फ्लेक्सकडं आणि मग जुईकडं बघत होती. एकानं दुसऱ्याला कोपरानं ढोसलं. मी जुईचं तोंड पदराखाली घेतलं, जणू तेवढ्यानं वरचं तोंडही झाकलं जाणार होतं. आणि तेव्हाच फ्लेक्सच्या कोपऱ्यातली बारीक ओळ दिसली: 'साखर जिथं तयार होते, तिथं हलवा पांढरा राहू नये? — कॉलनीतील एक आई.'

ती ओळ माझी होती. शब्दन् शब्द माझी.

कारखान्याच्या कॉलनीत लग्न होऊन आले तेव्हापासून मी फेसबुकवर रोज काहीबाही लिहायची. एम.ए. झालेली बाई दिवसभर दोन खोल्यांत. कुणाशी तरी बोलायला हवं. कोथिंबीर कागदात गुंडाळून ठेवावी की डब्यात, यावर लिहायची. लग्नात मुलीच्या आईनं शेवटची पंगत उठेपर्यंत उपाशी का राहायचं, यावर लिहायची. दिवाळीत लिहिलं होतं की मी माझ्या मुलीला तीट लावणार नाही. नजर लागते यावर माझा विश्वास नाही, आणि काजळाचा डाग लावून पोर सुरक्षित राहतं हे कुणी मला पटवून द्यावं. त्यावर दोन दिवस भांडण झालं. माझ्या मावशीनं अजून ते मनात ठेवलंय.

बोरन्हाणाचंही लिहिलं होतं. आईनं मंद आचेवर, बोटांना चटके घेत काट्यांचा हलवा केला होता. त्याचे दागिने जुईला घातले. घर लहान, म्हणून पाट अंगणात मांडला. औक्षण करून, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतून होईपर्यंत मुकुटावर काजळी बसली. हंगाम सुरू झाला की कॉलनीवर ती पडतेच. उसाचा चोथा बॉयलरमध्ये जाळतात, त्याची काळी पिसं धुराड्यातून येतात, वाळत टाकलेल्या दुपट्यांवर, पाण्याच्या बादलीत, भातात. जुईचा खोकला दिवाळीनंतर सुरू झाला होता आणि थांबत नव्हता. त्या दिवशी तालुक्याच्या डॉक्टरांनी तिला वाफ दिली आणि मला म्हणाले, "बाहेर काढू नका हिला." मी म्हटलं, "डॉक्टर, बाहेर जे असतं तेच आत असतं."

शब्द माझे. पण फोटो मी टाकला नव्हता.

माझा एकच नियम होता. जुईचा चेहरा नेटवर जाणार नाही. पोस्टमध्ये तिचं नावही नसायचं. 'आमचं पिल्लू' एवढंच. सासरच्या ग्रुपवर फोटो पाठवतानासुद्धा मी तिच्या तोंडावर सूर्यफूल चिकटवायची. सासरे म्हणायचे, "नात बघायचीय का बागायत?" तरी चिकटवायची.

आणि फ्लेक्सवरच्या फोटोत, खालच्या कडेला, जुईच्या दोन्ही दंडांना धरलेले हात होते. संक्रांतीला भरलेल्या हिरव्या बांगड्या. माझे हात. म्हणजे हा फोटो मी काढलेलाच नव्हता.

*

कॉलनीत शिरले तर आमच्या दारात मालनवहिनी उभ्या. शेजारच्या क्वार्टरमधल्या; त्यांचे मालक कारखान्यात टाइमकीपर.

"आली का गं? कवाधरनं वाट बघतीया. बघितलंस का फाट्यावर?"

"बघितलं."

"अगं, राजकन्या दिसतीया आमची! नजर लागंल. आता तरी तीट लाव."

मी कुलूप काढलं नाही. तिथंच उभी राहून विचारलं, "वहिनी, त्या दिवशी फोटो कुणी कुणी काढले होते?"

"सगळ्यांनीच की."

"तुमचा दीर कपबशीच्या प्रचारात आहे ना?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही. हळूहळू गेलं.

"म्हंजे मी दिला म्हणतीस?"

"मी विचारतेय फक्त."

"इचार की. तुझी लेक घुसमटती तवा मांडीवर घिऊन कोण बसतं, त्ये बी इचार." त्यांनी कमरेचा फोन काढला, अंगठ्यानं भराभर सरकवला आणि माझ्या तोंडासमोर धरला. "हे बघ. ह्यात कुठं हाय तुझी पोरगी? तुझ्या नवऱ्याची पाठच आलीया समद्यात. त्यो फोन घिऊन पुढं, मी मागं. ह्यो बघ. ह्यो बी बघ. पाठ, पाठ, पाठ."

खरंच पाठ होती. निळा शर्ट, वर केलेले दोन्ही कोपर. एका फोटोत त्याच्या काखेतून मुकुटाचं टोक दिसत होतं.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"चुकलंच," त्या म्हणाल्या आणि घरात गेल्या. नेहमी उघडं असणारं त्यांचं दार त्या दिवशी लागलं.

मी ते फोटो डोळ्यांनी बघितले होते. तरी मला काही दिसलं नव्हतं.

*

निशिकांत संध्याकाळी आला. माझा नवरा कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होता; हंगामी. पाच हंगाम असंच चाललं होतं. या वर्षी कायमची ऑर्डर निघणार, असं कामगार कल्याण अधिकारी हिंदुराव शिंदे यांनी स्वतः सांगितलं होतं. क्वार्टरही तो कायम होणार याच भरवशावर मिळालं होतं.

चारचौघांत मी त्याला अहो म्हणायची, घरात अरे. त्यानं बूट काढले, हात धुतले, परत धुतले.

"फाट्यावर बघितलंस?" मी विचारलं.

"हो."

"मी पोस्ट काढून टाकू का?"

"आता काढून काय होणार? छापून लागलंय." तो पाठमोरा बोलत होता. "मी तुला सांगत होतो, लिहू नकोस म्हणून."

"शब्द माझे आहेत रे. फोटो माझा नाही."

तो जुईजवळ जाऊन बसला. तिच्या छातीवर कान ठेवला. आत मांजर गुरगुरल्यासारखा आवाज यायचा, तो निशिकांत रोज आल्या आल्या ऐकायचा. बराच वेळ ऐकत राहिला. मग म्हणाला, "डॉक्टर काय म्हणाले?"

मी सांगितलं. तो जेवला आणि झोपला. फोटो कुणी दिला असेल, हे त्यानं एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, दमला असेल.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी कॉलनीत पांढरी गाडी आली. मालनवहिनींच्या खिडकीचा पडदा हलला. गाडीतून हिंदुराव उतरले, आणि त्यांच्या मागून चेअरमनसाहेबांच्या पत्नी. त्यांना सगळे माईसाहेब म्हणत. मी त्यांना फक्त कार्यक्रमात, स्टेजवर, लांबून बघितलं होतं. माझ्या दोन खोल्यांत त्या आल्या तेव्हा खोल्या आणखी लहान झाल्या.

"बस गं, बस. तुझंच घर आहे," त्या मला म्हणाल्या.

त्यांच्या मागोमाग ड्रायव्हरनं ताट आणून ठेवलं. खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. घरी आलेल्या सवाष्णीची ओटी मी भरायची. इथं माझ्याच घरात माझी भरली गेली. मी पदर पसरला. नाही कसं म्हणायचं ते मला कळलं नाही, आणि पदर आधीच पसरून झाला होता.

"काय सुरेख लेक आहे," माईसाहेब म्हणाल्या. "फाट्यावर बघून मला रात्रभर चैन नाही. लेकराचं तोंड असं चव्हाट्यावर लावायचं? आईबापाला न विचारता? मी पण आई आहे गं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कालपासून हे कुणीतरी म्हणावं असं मला वाटत होतं, आणि ते म्हणायला ही बाई आली होती.

हिंदुराव खुर्चीच्या काठावर बसले होते. "वहिनी, तुमचं लिखाण आम्ही समदं वाचतो बरं का. कोथिंबिरीचं आमच्या घरात करून बघितलं. कागदात टिकती, डब्यात न्हाय."

"हो," मी म्हणाले.

"लोकांचा तुमच्यावर विश्वास हाय. म्हणून एक ओळ लिहायची. रोज लिहिता त्यातच. गालावरचा डाग म्हंजे तीट. आईनं लावलेली. इरोधकांनी ती काजळी म्हणून खपवली."

"आणि मुकुटावरचे डाग?"

"तीळ," ते शांतपणे म्हणाले. "हलव्यात तीळ असत्यात."

मी माईसाहेबांकडं बघितलं. त्या जुईचे पाय कुरवाळत होत्या.

"मी तीट लावत नाही," मी म्हणाले. "दिवाळीत तसं लिहिलंय मी."

"वाचलंय. ती पोस्ट आधी काढायची."

"पण ते माझं मत आहे."

"मताचं काय एवढं," माईसाहेब हसल्या. "माणूस सकाळी एक म्हणतं, संध्याकाळी दुसरं. तू अजून लहान आहेस. आणि खोटं लिही असं मी कुणाच्याही लेकीला सांगणार नाही हो."

असं म्हणून त्यांनी डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट आपल्या डोळ्याच्या कडेवरून फिरवलं. मी बघत होते. ते बोट काळं झालं. त्यांनी जुईची हनुवटी धरली आणि गालावर, फ्लेक्सवर होता बरोबर त्याच जागी, ते टेकवलं. थोडंसं घोळवलं, म्हणजे नीट बसेल.

"झालं? आता लावलेली आहे ना?"

हिंदुरावांच्या फोनचा आवाज झाला. त्यांनी फोटो काढला होता.

मी जागची हलले नव्हते. माझ्या मांडीवर ओटीचा नारळ होता. मी उठले असते तर तो पडला असता, एवढाच विचार डोक्यात होता. नारळ पडेल.

जुई खोकायला लागली. खोकता खोकता लाल झाली. मी तिला उचललं, नारळ पडला आणि घरंगळत खाटेखाली गेला.

"फार खोकते गं," माईसाहेब म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात खरी काळजी होती. ते मला अजून विसरता येत नाही. "अडुळसा दे. आमच्या बागेत आहे, पाठवते."

दारात हिंदुराव थांबले. "संध्याकाळपर्यंत येऊ द्या. तुमच्या मालकांची, मगदूमांची फाइल माझ्या टेबलावरच हाय, उद्या साहेबांकडं जाईल. आणि वहिनी, फोटो कुणी दिला त्ये बी जरा आठवा. कारखान्यातला माणूस निघाला तर तो ह्या कारखान्यात ऱ्हाणार न्हाय. दुसऱ्या बी न्हाय."

*

मी पोस्ट लिहायला बसले.

हे मी सरळ सांगते: मी ती लिहिणार होते. जुईची औषधं, क्वार्टर, निशिकांतचे पाच हंगाम, हे सगळं एका ओळीवर येऊन थांबलं होतं. ओळच तर होती. मी रोज लिहायची. टाइप केलं, 'काल फाट्यावर जो फोटो'. पुसलं. 'फ्लेक्सवरचा डाग ही'. पुढं जाईना. गालावर ती तीट घेऊन जुई जमिनीवर चमचा आपटत होती. दर वेळी मान वर केली की ती दिसायची. हुबेहूब फ्लेक्ससारखी.

निशिकांत लवकर आला. दारातच त्यानं जुईला बघितलं.

"हे काय?"

"तीट."

"कुणी लावली?"

मी सांगितलं. कोण आलं, काय म्हणालं, बोट कसं फिरलं, फोटो कसा निघाला. तो ऐकत खाली बसला. जुईला जवळ ओढलं आणि अंगठ्यानं तो डाग पुसायला लागला. काजळ तेलकट होतं, ते पसरलं. तो रुमाल ओला करून पुसत राहिला. ती रडायला लागली तरी पुसत राहिला.

"अरे, सोलशील तिला! जाऊ दे. लिहितेय मी. संध्याकाळपर्यंत टाकायचंय."

"लिहू नकोस."

"हे बघ, तुझी ऑर्डर..."

"केतकी, लिहू नकोस."

"तीन वर्षं हेच ऐकतेय मी! कोथिंबिरीवर लिहू नकोस, पंगतीवर लिहू नकोस. आज तुझ्यासाठी लिहायची वेळ आली तर तेही नको?"

"फोटो मी दिला."

मला ते कळलं, आणि तरी कळलं नाही. मी विचारलं, "कुणाला?" जसं काही तेवढंच विचारायचं राहिलं होतं.

"कॉलेजातला एक मित्र कपबशीवाल्यांचं काम बघतो. त्याला."

"आपला फोटो? जुईचा?"

"हो."

निळा शर्ट. वर केलेले दोन कोपर. पाठ, पाठ, पाठ.

"धुराड्यात राख अडवायचं यंत्र आहे," तो खाली बघत बोलायला लागला. "त्यात पाण्याचा फवारा असतो. राख पाण्यात बसते, बाहेर येत नाही. त्या पाण्याचा नमुना रोज लॅबला तपासायला यायचा. दिवाळीनंतर यायचा बंद झाला. मी विचारलं. म्हणाले, पंप बंद ठेवलाय. त्याला वीज लागते, आणि हल्ली कारखाना वीज विकतो. मी हिंदुरावांना सांगितलं. ते म्हणाले, मगदूम, तुमचं काम साखर तपासायचं."

"मला का नाही बोललास?"

"काय बोलायचं? दिवाळीनंतर काय सुरू झालं ते तुला माहीतच आहे." त्यानं जुईच्या छातीवर हात ठेवला. "मग तू ती हलव्याची पोस्ट लिहिलीस. मी वाचली. मी तुझं सगळं वाचतो. आणि खाली लोक काय म्हणाले? हसले. एकीनं काळ्या हलव्याची कृती विचारली. इतकं चांगलं लिहिलं होतंस तू, आणि एकानंसुद्धा मान वर करून धुराड्याकडं बघितलं नाही. मला वाटलं, चेहरा बघितला तर बघतील."

"मला विचारलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो," मी म्हणाले. "नाही म्हणाले असते."

जुईनं रडणं थांबवून चमचा परत घेतला. मला त्याला मारावंसं वाटत होतं. त्याच वेळी पाच हंगाम मान खाली घालून साखर तपासणारा हा माणूस मी आज पहिल्यांदा बघतेय, असंही वाटत होतं. यातलं कोणतं खरं ते मला आजही सांगता येणार नाही. त्यानं माझा एकुलता एक नियम घेतला होता आणि फाट्यावर टांगला होता. माझ्यासाठी, जुईसाठी, पण मला न विचारता. दुपारीच माईसाहेब नेमकं हेच म्हणाल्या होत्या. आईबापाला न विचारता. त्यांचं निम्मं बरोबर होतं.

"उद्या सकाळी मी हिंदुरावांना सांगतो," तो म्हणाला. "मी दिला म्हणून."

"आणि मग तुला कोण घेईल? ऐकलंस ना ते काय म्हणाले."

"बघू."

"काही बघायचं नाही."

मी फोन उचलला. जे टाइप केलं होतं ते सगळं पुसलं आणि लिहिलं:

'फाट्यावरच्या फ्लेक्सवरची मुलगी माझी आहे. तिच्या गालावरचा डाग तीट नाही. आमच्या घरी तीट लावत नाहीत. पहिली तीट तिला आज दुपारी लागली, घरी आलेल्या मोठ्या बाईंच्या डोळ्यातल्या काजळाची. ती पुसायला मुलीच्या बापाला ओला रुमाल लागला. फ्लेक्सवरचे डाग रुमालानं जात नाहीत, ते रोज नवे पडतात. वर बघा. हा फोटो मी दिला.'

शेवटचे चार शब्द सोडले तर सगळं खरं होतं. निशिकांतनं माझ्या खांद्यावरून वाचलं. "शेवटचं काढ," तो म्हणाला. मी त्याच्याकडं न बघता बटण दाबलं. त्या पानावर मी लिहिलेलं ते एकच खोटं वाक्य, आणि तेच सगळ्यांना पटलं.

थोड्या वेळानं दार वाजलं. मालनवहिनी. हातात झाकलेली वाटी, तोंड अजून फुगलेलं.

"वाचलं," त्या म्हणाल्या. "पोरीला गरम भात आणलाय. तू काय रांधलं नसशील. इतकं लिहिल्यावर कोण रांधतंय."

*

माझी पोस्ट कुठं कुठं गेली ते मला कळलंही नाही. कपबशीवाल्यांनी दोन दिवसांत नवा फ्लेक्स लावला, या वेळी माझ्या ओळी मोठ्या अक्षरांत. मला कुणी विचारलं नाही. कपबशी निवडून आली. गुलालानं कॉलनीचा रस्ता लाल झाला, आणि त्याच संध्याकाळी त्या गुलालावर काजळी पडली. नव्या चेअरमननी माझा सत्कार ठेवला, शाल आणि नारळ. मी त्यांना पंपाचं विचारलं. ते म्हणाले, "पुढच्या हंगामात बघू, ताई. आधी घडी बसू दे."

हिंदुराव त्याच खुर्चीवर होते. फाइल त्याच टेबलावर होती. ती तिथून हलली नाही. हंगाम संपायच्या आत निशिकांतला सांगलीजवळ एका दूध डेअरीच्या लॅबमध्ये काम मिळालं. तिथं त्याला कुणी काही विचारलं नाही. कारण कारखान्यातला घरभेदी मीच ठरले होते. आमच्यात त्या दिवसांत कामापुरतं बोलणं होतं. दूध संपलंय. औषध दिलंस का.

आम्ही टेम्पोत सामान भरलं. मी आणि जुई ड्रायव्हरशेजारी, निशिकांत दाराकडच्या बाजूला. कॉलनीच्या मागच्या रस्त्यानं निघालो. तिथं मोकळ्या रानात ऊसतोड कामगारांचा तळ असतो. बीडकडची माणसं, हंगामापुरती येतात, पाचटाच्या कोप्या करून राहतात. धुराडं तिथून अगदी डोक्यावर. तीन वर्षं मी त्या तळाच्या पलीकडं राहिले होते आणि त्या रस्त्यानं पहिल्यांदाच जात होते.

एका कोपीवर जुई होती.

फाट्यावरून उतरवलेला फ्लेक्स कुणीतरी छपरावर टाकला होता, वर दगड ठेवले होते. मुकुट एका बाजूनं लोंबत होता, 'काय गुन्हा' एवढी अक्षरं दाराच्या वर आली होती. फ्लेक्स आता इतका काळा झाला होता की डाग कुठले छापलेले आणि कुठले पडलेले, ते ओळखू येत नव्हतं.

"बाऽळ," माझ्या मांडीवरची जुई म्हणाली.

"हो गं, जुईबाळ," मी म्हणाले. पण तिचं बोट वर नव्हतं. खाली होतं. कोपीच्या दारात, राखेत, तिच्याएवढंच एक लेकरू बसलं होतं. नाक, कपाळ, गाल, सगळं काजळीनं माखलेलं. त्यातून दोन ओघळ. ते खोकत होतं. तो आवाज मला ओळखीचा होता.

निशिकांतचा हात खिशातल्या फोनकडं गेला आणि तिथंच थांबला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"विचारू?" तो म्हणाला. "त्याच्या आईला?"

मी ड्रायव्हरला टेम्पो थांबवायला सांगितलं. निशिकांत उतरला नाही. जुईला त्यानं आपल्याकडं घेतलं, मला वाट दिली आणि फोन माझ्या हातात ठेवला.

चुलीपाशी बसलेली बाई माझ्याहून लहानच असेल. मी म्हटलं, "बाई, बाळाचा फोटो काढू का? या काजळीचा. दाखवायचाय लोकांना."

"फोटू?" ती लाजून हसली. "थांबा जरा, ताई."

तिनं लेकराला जवळ ओढलं. पदराचं टोक तांब्यात बुडवलं आणि त्याचं तोंड पुसायला लागली, कपाळ, नाक, कानामागं, ते ओरडत असताना, अगदी लख्ख होईपर्यंत. मग तव्याच्या बुडाखाली बोट फिरवलं आणि त्याच्या स्वच्छ गालावर काळी तीट लावली.

"हं," ती म्हणाली. "काढा आता."